जुने घर, नवे घर आणि गळणारे पाणी: दोष शोधण्याची व दुरुस्त करण्याची रीत

ओल जिथे दिसते तिथेच गळती असते असे नाही. पाणी फरशीखालच्या कोब्यातून, स्लॅबच्या बारीक भेगांतून आणि भिंतीतल्या झिरीतून उताराकडे सरकत राहते व जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडते. त्यामुळे बेडरूमच्या कोपऱ्यात धरलेल्या पोपड्यांचे मूळ पलीकडच्या न्हाणीघरातल्या बेसिनखाली सापडू शकते. नळकामाच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो चुकीच्या जागी छिन्नी चालवल्यामुळे. प्रस्तुत लेखात दुरुस्तीच्या कृती दिल्या आहेत, परंतु त्याआधी निदान कसे करावे यावर अधिक भर आहे, आणि त्या निदानाचा पहिला धागा घराच्या वयात सापडतो. जुन्या घरातला लोखंडी पाइप आतून सडत जातो, त्यामुळे दोष सगळ्या लाइनभर पसरलेला असतो. नव्या घरातला प्लॅस्टिकचा पाइप सडत नाही. तिथे जोड सुटतो, वायसर जातो, उतार चुकलेला असतो, आणि हे सारे फरशीआड झाकलेले असते.

घरात कोणता पाइप आहे हे ओळखणे

पुण्याच्या पेठांतले वाडे, गिरगाव-दादरच्या चाळी आणि साधारण नव्वदच्या दशकापर्यंत बांधल्या गेलेल्या सोसायट्यांमध्ये पिण्याच्या व वापरण्याच्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे जीआय पाइप, वापरलेला असतो. त्याचे जोड आटे पाडून, त्यावर ताग गुंडाळून आणि सफेदा लावून घट्ट केलेले असतात. सांडपाण्याचे उभे पाइप बिडाचे असून त्यांच्या जोडांत शिसे ओतलेले असते. सन २००० नंतरच्या इमारतींमध्ये हळूहळू फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी, पांढरा यूपीव्हीसी आणि काही ठिकाणी उष्णतेने वितळवून जोडला जाणारा पीपीआर हे पाइप रूढ झाले, तर सांडपाण्यासाठी जाड पीव्हीसी पाइप आले. शंका असल्यास पाइपला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर पाइप लोखंडाचा किंवा बिडाचा आहे. मधल्या काळातल्या अनेक घरांत न्हाणीघराचे नूतनीकरण होऊन आतला भाग प्लॅस्टिकचा आणि बाहेरची उभी लाइन लोखंडी अशी सरमिसळ झालेली असते, आणि या दोन जातींचा सांधा हीच तिथली सर्वांत नाजूक जागा असते.

यानंतर घरातली प्रत्येक चावी (व्हॉल्व्ह) कुठे आहे व ती कोणत्या नळांचे पाणी बंद करते हे शांतपणे तपासून घ्यावे. सोसायटीच्या गच्चीवर एकाशेजारी एक दहा-बारा चाव्या असतात आणि त्यांपैकी आपली कोणती हे पाइप फुटल्यावर मध्यरात्री शोधणे फार कठीण जाते. म्हणून चावीजवळ ऑइलपेंटने फ्लॅटचा क्रमांक आणि ‘स्वयंपाकघर’ किंवा ‘न्हाणीघर’ असे लिहून ठेवावे. जुन्या गोल चाकाच्या चाव्या वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे जाम होतात आणि जोर लावला की आतला दांडा तुटून चाक नुसते फिरत राहते. अशी चावी संकट येण्याआधीच बदलून तिथे पाव फेऱ्यात बंद होणारी बॉल व्हॉल्व्हची चावी बसवावी. बेसिन आणि कमोडखालचे अँगल कॉक (छोट्या काटकोनी चाव्या) हेही तीन-चार महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत, म्हणजे गरजेच्या वेळी ते फिरतात.

पाण्याचा जोर कमी असणे

ही तक्रार जुन्या घरात सर्वाधिक येते, आणि तिचे उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही. दहा लिटरची बादली घेऊन ती प्रत्येक नळाखाली किती सेकंदांत भरते हे लिहून काढावे. एकाच नळाचा वेग कमी असेल तर दोष त्या नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये असतो. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असलेल्या भागात ही जाळी क्षारांनी भरून जाते. ती हाताने किंवा फडके गुंडाळलेल्या पकडीने फिरवून काढावी आणि व्हिनेगरमध्ये अथवा लिंबू सत्त्वाच्या पाण्यात काही तास ठेवून जुन्या दातघासणीने घासावी. फक्त गरम पाण्याचा जोर कमी असेल तर गिझरकडे जाणारी चावी आणि गिझरच्या तोंडाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह पाहावा.

सर्वच नळ मंद असतील तर दोन शक्यता उरतात. पहिली उंचीची आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळते. त्यामुळे टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर, जिथे शॉवर आणि टाकीतले पाणी यांच्यात जेमतेम तीन मीटरचे अंतर असते, तिथे ०.३ किलोपेक्षा फारसे अधिक मिळणे शक्यच नसते, आणि पाइप कितीही नवा घातला तरी तो शॉवर रिमझिमच पडणार. तिथे टाकी उंच करणे किंवा प्रेशर पंप बसवणे एवढेच उपाय आहेत. पंप बसवताना तो गच्चीवरच्या टाकीच्या पुढे बसवावा. नगरपालिकेच्या लाइनला थेट पंप जोडणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्या ओढीमुळे रस्त्याखालच्या पाइपच्या फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते आणि ते सगळ्या गल्लीला प्यावे लागते.

दुसरी शक्यता पाइप आतून बुजल्याची. जस्ताचा थर संपला की लोखंड गंजते, गंजाचे उंचवटे आतल्या बाजूने वाढत जातात आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढेच छिद्र उरते. सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर तांबूस पाणी येणे ही त्याची खूण आहे. अशा लाइनमध्ये एक तुकडा बदलण्याचा मोह आवरावा, असे माझे ठाम मत आहे. पाइप पाना लावून एक जोड सोडवताना बसणारा पीळ मागच्या दोन सडलेल्या जोडांपर्यंत पोहोचतो, आणि आज थांबवलेली गळती पुढच्या आठवड्यात हातभर अंतरावर पुन्हा उघडते. पाइपला भोक पडले असेल तर रबराची पट्टी आणि लोखंडी क्लॅम्प कसून तात्पुरती सोय करावी, पण ती सोय काही आठवड्यांचीच आहे हे लक्षात ठेवून उभ्या लाइनपासून नळापर्यंत पूर्ण पाइप एकदम बदलण्याची तयारी करावी.

हा बदल करताना एका गोष्टीकडे जवळजवळ कुणाचेच लक्ष जात नाही, आणि ती जिवाशी संबंधित आहे. जुन्या अनेक घरांत विजेचे अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपलाच बांधलेले असते. तो पाइप काढून प्लॅस्टिकचा घातला की घराचे अर्थिंग कोणालाही न कळता नाहीसे होते आणि गिझरमध्ये किंवा वॉशिंग मशिनमध्ये वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायला वाट उरत नाही. म्हणून पाइप बदलण्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगची तार कुठे बांधली आहे ते पाहून घ्यावे, स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरला बंद पडणारा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

नवा पाइप जोडताना

सीपीव्हीसी पाइप गरम आणि थंड दोन्ही पाण्यांना चालतो व साधारण ९३ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. पांढरा यूपीव्हीसी मात्र थंड पाण्यासाठीच वापरावा. गिझरच्या लाइनला यूपीव्हीसी घातलेली घरे मी पाहिली आहेत. तिथे जोड मऊ पडून वर्षा-दोन वर्षांत सुटतात. दोन्हींचे सॉल्व्हंट, म्हणजे जोड चिकटवणारे द्रावण, वेगवेगळे असते, तेव्हा डब्यावरचे नाव वाचूनच ते घ्यावे.

जोड करण्याची रीत सोपी असली तरी तिच्यात घाई चालत नाही. पाइप सरळ कापावा, कापलेल्या कडेवरची कूस काढून कड किंचित तिरपी घासावी आणि पाइप व फिटिंग दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावेत. आधी सॉल्व्हंट न लावता पाइप फिटिंगमध्ये किती आत जातो ते पाहून पेन्सिलने खूण करावी. मग पाइपला बाहेरून भरपूर आणि फिटिंगला आतून पातळ सॉल्व्हंट लावून, पाइप पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत आत दाबावा व अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा, कारण सोडल्याबरोबर तो थोडा मागे सरकतो. पाण्याचा एक थेंब जरी ओघळत असेल तरी जोड पकडत नाही. डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्यावा आणि शक्य असेल तर पाणी दुसऱ्या दिवशीच सोडावे. नव्या घरांतल्या भिंतीआडच्या गळत्यांपैकी कितीतरी या अर्ध्या तासाच्या घाईतून जन्मलेल्या असतात.

लोखंड आणि प्लॅस्टिक यांचा सांधा करताना पितळी आट्यांचेच फिटिंग घ्यावे. लोखंडी आटे प्लॅस्टिकच्या आट्यांत पिळले की प्लॅस्टिकला उभी चीर जाते, आणि ती चीर त्या दिवशी नव्हे तर काही महिन्यांनी उघडते. आट्यांवर ताग न गुंडाळता टेफ्लॉन टेप वापरावी. ती आट्यांच्या तोंडाकडे पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे फिटिंग घट्ट करताना ती उलगडत नाही. हाताने घट्ट केल्यानंतर पान्याने एक-दीड फेरा पुरेसा होतो.

टपकणारा नळ

सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी हे पाणी दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक भरते. दुरुस्ती मात्र घरच्या घरी होण्यासारखी असते.

जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे फिरणाऱ्या नळात रबरी वायसर असतो. पाणी बंद करून मुठीचा स्क्रू काढावा, पान्याने वरचा भाग सोडवावा, जुना वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवावा. वायसर बदलूनही नळ टपकत राहिला तर आतल्या पितळी बैठकीवर बोट फिरवून पाहावे. तिथे खाच पडली असेल तर कितीही वायसर बदलले तरी उपयोग होत नाही आणि नळ बदलणेच स्वस्त पडते. पाणी तोंडातून न टपकता मुठीखालून येत असेल तर तिथली पॅकिंग गेलेली असते.

नव्या पाव फेऱ्याच्या नळात वायसर नसून सिरॅमिकच्या दोन चकत्यांचे कार्ट्रिज असते. हे कार्ट्रिज झिजण्यापेक्षा पाण्यातल्या रेतीने ओरखडते. म्हणूनच नव्या इमारतीत ताबा मिळाल्यावर पहिल्या काही महिन्यांत नळ टपकू लागण्याचे प्रमाण जास्त असते, कारण बांधकामातली वाळू आणि सिमेंटचे कण अजून पाइपात फिरत असतात. राहायला जाण्यापूर्वी सर्व नळांच्या जाळ्या काढून, प्रत्येक नळ पाच-दहा मिनिटे पूर्ण सोडून लाइन धुऊन घ्यावी. कार्ट्रिज बदलायचे असेल तर जुने सोबत घेऊनच दुकानात जावे, कारण उंची आणि दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते.

फ्लशची टाकी

फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत झिरपणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि कानांनाही क्वचितच ऐकू येते. ते पकडण्यासाठी टाकीत जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा आणि वीस मिनिटे फ्लश वापरू नये. कमोडच्या पाण्यात रंग उतरला तर तळाचा रबरी झडपा गेलेला आहे, किंवा त्यावर क्षारांचा थर बसल्यामुळे तो नीट टेकत नाही. झडपा काढून घासून पाहावा. रबर कडक झाले असेल तर बदलावे. पाणी मधल्या उभ्या नळीवरून ओसंडत असेल तर दोष तरंगत्या बॉलकडे असतो. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा बोटभर खाली थांबेल असा त्याचा स्क्रू फिरवावा. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडतात, तर नव्या दोन बटणांच्या टाक्या तीन आणि सहा लिटर. टाकी बदलण्याची वेळ आलीच तर हा फरक विचारात घ्यावा. भिंतीत बसवलेल्या टाकीची दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून होते. त्यासाठी भिंत फोडायला निघालेल्या कारागिराला आधी थांबवावे.

खालच्या घराच्या छताला ओल आली तर

सोसायट्यांमधली सर्वाधिक भांडणे या एका प्रश्नावरून होतात आणि त्यातली निम्मी तरी, माझ्या अनुभवाने, निदान न करता केलेल्या खर्चामुळे विकोपाला जातात. आमच्याच इमारतीत एका न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग लागोपाठ दोनदा नव्याने झाले आणि दोन्ही वेळा खालचे छत पुन्हा भिजले. शेवटी कारण निघाले ते बेसिनखालच्या वेस्ट पाइपचा भिंतीत शिरतानाचा सैल जोड. तो बदलायला तासभर लागला.

छतातून येणारे पाणी तीनपैकी एका ठिकाणचे असते: दाबाखाली असलेल्या पुरवठ्याच्या पाइपातले, सांडपाण्याच्या पाइपातले, किंवा फरशीच्या सांध्यांतून मुरून कोब्यात साठलेले. पहिली पायरी म्हणजे खालच्या घरातल्या डागाची कडा पेन्सिलने आखून तारीख व वेळ लिहिणे. त्यानंतर वरच्या न्हाणीघराची चावी पूर्ण बंद करून, चोवीस तास ते न वापरता, डाग वाढतो का ते पाहावे. न्हाणीघर वापरात नसतानाही चावी उघडी असेपर्यंत ओल वाढत राहिली आणि चावी बंद केल्यावर थांबली, तर गळती पुरवठ्याच्या पाइपात आहे. अशा वेळी नळाच्या तोंडाशी दाबाचे मापक जोडून, लाइन भरून, चावी बंद करावी व काटा खाली येतो का ते पाहावे. गरम आणि थंड लाइन वेगवेगळ्या तपासता आल्या तर शोध निम्म्यावर येतो.

पुरवठ्याचा पाइप निर्दोष निघाला तर सांडपाण्याकडे वळावे. फरशी पूर्ण कोरडी ठेवून बादलीभर रंगीत पाणी थेट न्हाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात) ओतावे, तेही हळूहळू, फरशीला न लागता. दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये, तिसऱ्या दिवशी कमोडमध्ये वेगळ्या रंगाचे पाणी सोडावे. खाली ज्या रंगाचा डाग उतरेल ती वाट दोषी. एका दिवसात सगळे उरकण्याचा प्रयत्न केला तर रंग मिसळून काहीच कळत नाही, कारण कोब्यातून पाणी खाली यायला कित्येक तास लागतात.

या दोन्ही परीक्षांत काही सापडले नाही तरच फरशीवर संशय घ्यावा. ट्रॅपचे तोंड बुचाने बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास साठवून ठेवावे. खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे किंवा खालचा वॉटरप्रूफिंगचा थर गेलेला आहे. तेव्हाही पहिला उपाय फोडण्याचा नसावा; सांध्यांतला जुना पांढरा सिमेंट खरवडून त्या जागी इपॉक्सी भरावे, विशेषतः ट्रॅपच्या भोवती आणि भिंत व फरशी मिळतात त्या कोपऱ्यांत, आणि महिनाभर पाहावे. बऱ्याच घरांत एवढ्यावर भागते. भागले नाही तर मात्र फरशी काढून पूर्ण काम करणे भाग आहे, आणि ते अर्धवट करू नये.

ज्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब बुडीत ठेवून त्यात पाइप व कोबा भरलेला असतो, तिथे झिरपलेले पाणी त्या खळग्यात साठून राहते. अशा ठिकाणी गळती बंद केल्यानंतरही खालचे छत दोन-तीन आठवडे ठिबकत राहू शकते. याचा अर्थ दुरुस्ती फसली असा लगेच घेऊ नये. अलीकडच्या काही इमारतींत हेच पाइप खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये लटकवलेले असतात. तिथे शोध सोपा असतो, पण दुरुस्तीसाठी खालच्यांच्या घरात जावे लागते, तेव्हा वेळ त्यांच्या सोयीनेच ठरवावी.

तुंबणे आणि दुर्गंधी

स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप तेल-तूप, भाताची शिते आणि चहाचा चोथा यांनी तुंबतो, तर न्हाणीघराचा केसांनी आणि साबणाच्या साक्याने. सिंक किंवा बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हाताने उघडता येतो; खाली बादली ठेवून तो काढावा, धुवावा आणि रबरी रिंग जागेवर बसली आहे हे पाहून पुन्हा लावावा. त्याने भागले नाही तर रबरी पंपाने झटके द्यावेत, पण त्याआधी ओसंडण्याचे वरचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. त्यानंतरची पायरी स्प्रिंगची तार. उकळते पाणी ओतण्याचा घरगुती उपाय बिडाच्या पाइपात चालून जाई, परंतु पीव्हीसी पाइप त्याने मऊ पडून जोड सुटतात, म्हणून पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे. अ‍ॅसिड आणि ब्लीच पाठोपाठ कधीही ओतू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

एकाच वेळी सगळ्या मोऱ्या तुंबल्या, किंवा फ्लश केल्यावर न्हाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज येऊ लागला, तर दोष आपल्या घरात नसून उभ्या पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. उभ्या पाइपाचे गच्चीवरचे उघडे तोंड हवा आत घेण्यासाठी असते. कुणी ते वास येतो म्हणून बंद केले असेल तर खाली जाणारे पाणी ट्रॅपमधले पाणी ओढून नेते आणि वास उलट सगळ्या घरांत शिरतो. ट्रॅपमध्ये उभे राहणारे साधारण ५० मिलिमीटर पाणी हीच गटार आणि घर यांच्यामधली एकमेव भिंत आहे. महिनोन्‌महिने न वापरलेल्या न्हाणीघरात ते आटून जाते, तेव्हा आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे, आणि गावाला जाताना वर चमचाभर गोडेतेल टाकावे, म्हणजे बाष्पीभवन मंदावते.

जुन्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतीवर बिडाच्या पाइपाच्या जोडाशी उगवलेले पिंपळाचे रोप सगळ्यांनीच पाहिलेले असते. ते रोप तिथे पाणी झिरपत असल्याची खात्रीशीर खूण आहे. वरची फांदी छाटली तरी मूळ जोडाच्या फटीत वाढत राहते आणि पाइप फोडते. पावसाळ्यापूर्वी परांची बांधून मुळासकट रोप काढावे, तो जोड पुन्हा भरावा, आणि पाइपाला उभा तडा गेला असेल तर तो तुकडा बदलावा. चेंबरही मे महिन्यातच उपसून घ्यावेत. पावसाळी पाइप सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेला असेल तर जोराच्या सरीत तळमजल्याच्या मोऱ्यांतून पाणी उलटे येते, आणि तो जोड वेगळा काढल्याशिवाय हा त्रास संपत नाही.

गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे ठिबकणे स्वाभाविक आहे, कारण तापलेले पाणी प्रसरण पावते. त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारणे म्हणजे टाकी फुटण्याची तयारी करणे होय. ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. ठिबकणे सतत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा.

खर्च कोणी करायचा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामाईक पाइप, टाक्या, पंप, सांडपाण्याच्या उभ्या लाइन आणि गच्चीतून येणारे पावसाचे पाणी यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर फ्लॅटच्या आतल्या न्हाणीघर, सिंक इत्यादींच्या गळतीचा खर्च त्या सभासदाने सोसायचा असतो. म्हणूनच वर सांगितलेल्या परीक्षा दोन्ही घरांतल्या माणसांनी आणि संस्थेच्या समितीतल्या एकाने मिळून, एकमेकांसमोर कराव्यात आणि निष्कर्ष कागदावर सह्यांनिशी लिहावा.

नव्या घराच्या बाबतीत रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला तर तो कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. तोंडी तक्रारीवर न थांबता दोषाचे तारखेसह छायाचित्र, ओल कधी वाढते याची नोंद आणि परीक्षेचा निष्कर्ष जोडून लेखी पत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी. पाच वर्षे पुरी होण्याआधी एकदा प्रत्येक न्हाणीघराच्या फरशीवर पाणी साठवून पाहावे. भिंतीतल्या पाइपांचा नकाशाही विकासकाकडून मागून घ्यावा, आणि घर अजून बांधले जात असेल तर गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून छायाचित्रे काढावीत. पुढे आरसा किंवा टॉवेलचा दांडा लावण्यासाठी ड्रिल घेऊन येणाऱ्या कारागिराला हीच छायाचित्रे आधी दाखवावीत.